दार क्रमांक तीन

पद्माकरराव रणभिसे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी स्पॅनिश शिकायला लागले, यात स्पॅनिश भाषेचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर त्यांच्या दारावरच्या घंटेचा होता. कार्डिफमधल्या त्यांच्या घराला चांगली खणखणीत घंटा होती, पण ती वाजवायचे फक्त पार्सलवाले, आणि तेही वाजवून पळ काढायचे. बाकी कुणाला यायचं झालं तर आधी मेसेज, मग उलट मेसेज, मग तीन आठवड्यांनंतरची तारीख, आणि तारखेच्या आदल्या दिवशी 'सो सॉरी, समथिंग्ज कम अप'. एडिनबराला असलेली त्यांची मुलगी तनया दर रविवारी सहा ते साडेसहा फोन करायची, आणि त्याचंही कॅलेंडर इन्व्हाइट पाठवायची. पद्माकरराव ते दर आठवड्याला इमानेइतबारे 'अ‍ॅक्सेप्ट' करत. एकदा चुकून 'मेबी' दाबलं गेलं तर पोरगी दोन रविवार रुसून बसली होती.

नगरला असं नव्हतं. नगरच्या ख्रिस्ती कॉलनीतल्या त्यांच्या घराचं दार सकाळी उघडलं की झोपतानाच बंद व्हायचं. पाळकसाहेब येत, मंडळीतल्या बायका येत, 'सलाम' म्हणत सरळ स्वयंपाकघरापर्यंत येत. नाताळच्या आधी आठ दिवस कॅरलवाले ढोलकी-पेटी घेऊन येत आणि करंज्यांचा फडशा पाडून जात. तेव्हा पद्माकररावांना त्याचा वैताग यायचा. अभ्यास होत नाही म्हणून ते आईशी भांडतसुद्धा. आता कार्डिफला येऊन एकतीस वर्षं झाली, अभ्यासाला भरपूर शांतता होती आणि अभ्यास उरला नव्हता.

तर एका रविवारी त्यांच्या चर्चच्या पाळकबाई, रेव्हरंड हेलन, यांनी जाहीर केलं की आपल्या भागात एल साल्वादोरची बरीच कुटुंबं राहायला आली आहेत आणि देवाने आपल्याला एक संधी दिली आहे. संधीची गरज देवापेक्षा चर्चला जास्त होती, कारण उपासनेला एकोणीस माणसं असत आणि त्यातली चार ऑर्गन, दार, चहा आणि प्रोजेक्टर सांभाळण्यात गुंतलेली असत. "वुई नीड समवन विथ अ गिफ्ट फॉर लँग्वेजेस," हेलनबाई म्हणाल्या. पद्माकररावांनी हात वर केला. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि वेल्शमध्ये 'सुप्रभात' एवढं भांडवल त्यांच्यापाशी होतं, आणि बाकीच्या अठराजणांच्या मानाने ते कुबेर होते.

"काय केलंत हे?" बाहेर आल्यावर शशीताईंनी विचारलं. शशीताई म्हणजे त्यांच्या पत्नी. नवऱ्याच्या कुठल्याही उपक्रमाला त्या आधी नाही म्हणत आणि मग तो निम्म्याहून अधिक स्वतःच पार पाडत.

"सेवा करायची म्हणतोय."

"घरातला नळ गेले चार महिने गळतोय. तिथून सुरू करा."

भाषेची जबाबदारी नंदूने घेतली. नंदू हा समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारा नागपूरचा सॉफ्टवेअरवाला. त्याचं मत असं, की जगातल्या प्रत्येक दुःखावर एक अ‍ॅप असतं. "काका, डेली पंधरा मिनिट्स करा, स्ट्रीक ब्रेक होऊ देऊ नका, सहा महिन्यांत फ्लुएंट व्हाल." पद्माकररावांनी स्ट्रीक, म्हणजे रोजची सलग हजेरी, मोडू दिली नाही. सहा महिन्यांनी त्यांना 'माझ्या काकूच्या टोपीत तीन कासवं आहेत' आणि 'तुमचा हत्ती दूध पितो का?' ही वाक्यं अस्खलित येऊ लागली. ख्रिस्ती सेवेत ती नेमकी कुठे वापरावीत याचा ते विचार करत राहिले.

भाषा पुरेशी नव्हती. हेलनबाईंच्या वरच्या कचेरीतून निरोप आला की मिनिस्ट्रीत उतरायच्या आधी 'कल्चरल कॉम्पिटन्स'चा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करणं बंधनकारक आहे. शिकवणारे होते कॉलिन नावाचे एक सज्जन. ते तरुणपणी अकरा महिने ग्वाटेमालात राहिले होते आणि तेव्हापासून त्यावरच जगत होते. त्यांनी एक हँडआउट पाठवलं. मथळा होता 'हिस्पॅनिक समाजात काम करताना येणारी आव्हानं'. पद्माकररावांनी ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं.

"'हे लोक ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा येतात.'"

शशीताई मेथी निवडत होत्या. "बरं."

"'बोलताना अगदी जवळ उभे राहतात. पगार, वजन, मुलांची लग्नं असे खासगी प्रश्न विचारतात. पोट भरलं असं सांगितलं तरी पुन्हा वाढतात.'"

"बरं."

"'अनेकदा न कळवता घरी येतात, आणि लवकर उठत नाहीत.'"

शशीताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "अहो, कुठे राहतात हे लोक?"

पद्माकररावांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. इतकी वर्षं आपण ज्यासाठी झुरतोय ते कुणीतरी 'आव्हानं' म्हणून टाइप करून, क्रमांक घालून पाठवलंय, हे पचायला त्यांना जरा वेळ लागला.

कोर्सच्या शेवटी परीक्षा होती. 'एक हिस्पॅनिक कुटुंब न कळवता ऐन जेवणाच्या वेळी तुमच्या दारात आलं आहे. तुम्ही काय कराल?' असा एक प्रश्न होता, दहा गुणांना. अपेक्षित उत्तरात 'सीमारेषा', 'नम्रपणे' आणि 'सोयीची दुसरी वेळ' हे शब्द यायला हवे होते. पद्माकररावांनी एकच वाक्य लिहिलं: 'पोळ्या वाढवायला सांगेन.' कॉलिनसाहेबांनी त्याला शून्य दिलं आणि शेजारी लिहिलं, 'पद्माकर, स्वतःची काळजी घ्या.' त्या शून्यामुळे ते दोन गुणांनी नापास झाले. सक्षमतेच्या प्रमाणपत्राऐवजी त्यांना हजेरीचं प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे ते सांस्कृतिकदृष्ट्या अक्षम असून अक्षमतेला नियमित हजर होते, असं आता कागदोपत्री सिद्ध झालं. ज्या माणसाने हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं अर्ध्या कार्डिफचं रक्त तपासलं, त्याचा हा असा निकाल. दोन दिवस ते नंदूशीसुद्धा बोलले नाहीत.

या अक्षमतेचे परिणाम डिसेंबरमध्ये दिसले. साल्वादोरच्या मंडळींत दोन्या मिर्ना नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई होत्या. दोन्या म्हणजे आपल्याकडच्या 'बाई'. मूळच्या कॅथलिक, पण हे चर्च बसस्टॉपला लागून असल्यामुळे आणि गुडघे दुखत असल्यामुळे इथे येत. त्यांनी सुचवलं की आमच्याकडे नाताळच्या आधी 'पोसादा' करतात, तो इथे करू. पोसादा म्हणजे असं, की योसेफ आणि मरिया बेथलेहेमात जागा शोधत फिरले, त्याची आठवण म्हणून सगळी मंडळी गात गात दारोदार जातात आणि जागा मागतात. आतला माणूस गाऊनच उत्तर देतो: जागा नाही, पुढे व्हा. अशी दोन-तीन दारं नकार देतात आणि शेवटचं दार उघडतं. मग तिथे सगळ्यांचं जेवण.

हे ऐकून पद्माकररावांना कॅरलवाले आठवले, ढोलकी आठवली, आणि ते रात्री अंथरुणात उठून बसले. "शशी, शेवटचं दार आपलं."

"झोपा."

मीटिंगमध्ये त्यांनी तसा अर्ज केला. हेलनबाईंनी प्रेमाने त्यांच्या हातावर हात ठेवला. शेवटच्या दाराला यजमान सक्षमता-प्रमाणित असावा लागतो, शिवाय फूड हायजीन आहे, फायर एक्झिट आहे, म्हणून शेवटचं दार चर्चचा हॉल. "बट वुई हॅव अ लव्हली रोल फॉर यू." पद्माकररावांना मिळालं दार क्रमांक तीन. नकाराचं. संवाद एकच: 'नो आय लुगार. सीगान, पोर फावोर.' जागा नाही, कृपया पुढे व्हा. 'कृपया' हेलनबाईंनी घातलं होतं. त्या तर पुढे 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'ही घालणार होत्या, पण ते चालीत बसेना.

आठ महिने घोकंपट्टी करून माणसाने भाषा शिकावी आणि त्या भाषेत त्याला बोलायला काय मिळावं, तर 'चालते व्हा'. पद्माकरराव हसून 'ऑफ कोर्स' म्हणाले आणि घरी येऊन गळणारा नळ दुरुस्त करायला बसले. नळ आणखी गळायला लागला.

मधल्या काळात कौन्सिलचा फॉर्म भरायचं कामही त्यांच्याकडेच आलं. रस्त्यावरून मिरवणूक न्यायची तर कळवावं लागतं. फॉर्म साधा होता, पण पद्माकररावांच्या प्रामाणिकपणापुढे कुठलाच फॉर्म साधा राहत नाही. 'मिरवणुकीत प्राणी आहेत का?' या प्रश्नाला त्यांनी 'होय, एक गाढव' असं लिहिलं. ते गाढव म्हणजे पुठ्ठ्याचं तोंड लावलेला एक माणूस होता, पण रकाना लहान होता. घोडं अडलं ते त्या गाढवापाशी. पशुवैद्याचा दाखला, रस्त्यावरच्या शेणाची व्यवस्था, विमा, सगळ्यांची विचारणा झाली. त्यांनी सविस्तर खुलासा पाठवला की गाढव हे वस्तुतः निवृत्त बसड्रायव्हर आहेत. उलट अतिशय सभ्य मेल आला की मग तुमच्यात प्राणी नाहीत असं आम्ही समजतो. बसड्रायव्हर हे वाचून किंचित दुखावले.

खरं संकट वेगळंच होतं. पद्माकररावांना नकार देता येईना.

शशीताई तालमीसाठी दाराबाहेर उभ्या राहत आणि घंटा वाजवत. पद्माकरराव आतून घसा खाकरत. "नो आय..." इथपर्यंत येत आणि हात आपोआप कडीकडे जाई. "अहो, मी बायको आहे म्हणून उघडताय का?" म्हणून नंदूला उभं केलं. त्यालाही आत घेऊन चहा पाजला. नंदू म्हणाला, "काका, नो म्हणणं हे एक मसल आहे. डेली प्रॅक्टिस करा. मी सांगू का, डोळे मिटून म्हणा." डोळे मिटून म्हणताना त्यांनी दार उघडलं ते स्वतःच्याच नाकावर.

शेवटी शेजारचे मिस्टर प्यू धावून आले. मिस्टर प्यू हे दार क्रमांक दोन. तीस वर्षांत त्यांनी कुणालाही उंबरा ओलांडू दिला नव्हता, त्यामुळे त्यांची निवड एकमताने झाली होती. "यू'अर स्टँडिंग टू क्लोज, पॅडी," त्यांनी कुंपणावरून धडा दिला. "चेन लावायची. दार चार इंच. 'नॉट टुडे, थँक यू.' आणि 'थँक'वर बंद. 'यू'ची वाट बघायची नाही." पद्माकररावांनी ते वहीत लिहून घेतलं.

त्या रात्री ते शशीताईंना म्हणाले, "चार इंच. तेवढंच उघडलं होतं गं, आठवतं?"

शशीताईंना आठवत होतं. एकोणीसशे त्र्याण्णवचा डिसेंबर, भुरभुर पाऊस, एक बॅग, आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवर खुणा करून पालथी घातलेली सात दारं. 'जस्ट गॉन, लव्ह. आत्ताच गेली खोली.' सातही खोल्या आत्ताच गेल्या होत्या. कुणी अपमान केला नाही. एका बाईंनी तर ओले झालात म्हणून दारातूनच टॉवेल दिला होता. आठव्या दारी जागा मिळाली, पुढे नोकरी झाली, घर झालं, सगळं झालं. पण चार इंचांतून दिसलेला तो आतला उजेड पद्माकररावांच्या मनातून गेला नव्हता, आणि आता त्यांना त्या दाराच्या आतल्या बाजूला उभं राहायचं होतं.

"नाटक आहे ते," शशीताई म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग म्हणा आणि मोकळे व्हा." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन किलो मैद्याच्या करंज्या करायला घेतल्या. विचारलं तर म्हणाल्या, हॉलमध्ये पाठवायच्या आहेत. हॉलमध्ये घरचे पदार्थ चालत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पोसादाच्या दिवशी संध्याकाळी पाचलाच गच्च अंधार आणि पाऊस. पद्माकरराव कोट घालून बंद दाराच्या आत उभे. हातात कागद, कागदावर एक ओळ. शेजारून गाण्याचा आवाज आला, मग मिस्टर प्यूंचा स्पॅनिश नकार आला, इतका मनापासून की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पावलं त्यांच्या दाराशी आली.

दाराच्या काचेतून धुरकट चेहरे दिसत होते, आणि मेणबत्त्यांचे पिवळे ठिपके. मेणबत्त्या बॅटरीच्या होत्या, रिस्क असेसमेंटमुळे. पण पावसात त्याही थरथरल्यासारख्या वाटत होत्या. सगळ्यांत पुढे दोन्या मिर्ना, काठीवर रेललेल्या, छत्रीशिवाय. घंटा वाजली. एकतीस वर्षांत त्यांच्या दाराशी इतकी माणसं कधी जमली नव्हती. ती गायली, थांबली, आणि उत्तराची वाट पाहू लागली.

पद्माकररावांनी तोंड उघडलं, पण त्याआधी हाताने दार उघडलं. "सलाम, सलाम," ते मराठीत म्हणाले, "या, आत या, भिजताय कशाला."

कुणी हललं नाही. दोन्या मिर्नांनी काठी आपटली आणि स्पॅनिशमध्ये ठणकावलं, "नाही, साहेब! तुम्ही नाही म्हणायचं. तुम्ही वाईट माणूस आहात." पद्माकररावांना आठ महिन्यांत कुणाचंही एवढं लांब स्पॅनिश प्रथमच पूर्ण कळलं. ते 'सॉरी, सॉरी' म्हणत आत गेले, दार लावलं. बाहेर पुन्हा गाणं झालं. पुन्हा दार उघडलं. या वेळी तर त्यांनी दोन्या मिर्नांची काठी हातात घेतली. मागून मिस्टर प्यू ओरडले, "चेन, पॅडी! द चेन!"

तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा शशीताई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या. "व्हा बाजूला. तुमच्याने होणार नाही." पद्माकररावांना वाटलं, चला, ही म्हणेल एकदाचं. शशीताईंनी गाणं संपायचीसुद्धा वाट पाहिली नाही. त्यांनी दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं आणि पायाने त्याला पायपुसण्याची अडण लावली. "म्हातारं माणूस तीनदा पावसात उभं करता? यात कसला आलाय धर्म?" हे मराठीत होतं, पण दोन्या मिर्नांना भाषांतर लागलं नाही. त्या आत आल्या.

मग बाकीचे तेहेतीसजण आले. बुटांचा ढीग पडला. सोफ्यावर सहा बसले, जिन्यावर अकरा, गाढव स्वयंपाकघरात गेलं आणि करंज्या तळू लागलं. मिस्टर प्यू उंबऱ्याबाहेर घुटमळले आणि मग, फक्त चेन कशी लावतात ते दाखवायला म्हणून, आत आले. कुणीतरी शशीताईंना वय विचारलं. कुणीतरी तनयाचा फोटो भिंतीवरून काढून लग्नाचं विचारलं. पद्माकररावांनी भीतभीत आपलं कासवांचं वाक्य टाकलं आणि जिना हसून हसून कोसळायला आला. ते मधोमध उभे होते, त्यांना बसायला जागा नव्हती, आणि आयुष्यात इतकं बरं त्यांना क्वचितच वाटलं होतं.

आणि फोन वाजला. हेलनबाई. "पद्माकर, आर दे विथ यू? हॉल सातपर्यंतच आहे. जेवण गार होतंय. कुड यू सेंड देम ऑन?"

पद्माकररावांनी फोन ठेवला. मग त्यांनी त्या भरल्या घराकडे पाहिलं, खिशातला ओला कागद काढला, आणि न बघताच म्हटलं, "नो आय लुगार. सीगान, पोर फावोर."

उच्चार अचूक होता. आवाज मात्र मध्येच फुटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन्या मिर्ना उठल्या, त्यांच्या गालावर थापटी मारून म्हणाल्या, "आता जमलं."

बूट शोधण्यात वीस मिनिटं गेली. तेवढ्यात शशीताईंनी करंज्या भरल्या. शशीताईंच्या कपाटात आइस्क्रीमचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे साठच्या घरात असतील, द्यायघ्यायचे म्हणून जपलेले. त्यांतला एकही त्यांनी काढला नाही. वरच्या फळीवरचे लग्नातले स्टीलचे डबे काढले, झाकणावर 'सौ. शशी पद्माकर रणभिसे, २१-५-८८' असं कोरलेले. नऊ कुटुंबांना नऊ डबे.

"अगं, तुझ्या आईने दिलेले डबे ते! परत कसे येणार?" पद्माकरराव कुजबुजले.

"म्हणून तर दिले," शशीताई म्हणाल्या.

दार बंद झालं. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं, फक्त कार्पेट ओलं होतं. हेलनबाईंचा एक समजूतदार मेल आला, त्यात 'सीमारेषा' हा शब्द दोनदा होता. नाताळ झाला. तनया आली, तीन दिवस राहिली, ठरलेल्या गाडीने गेली. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. पद्माकरराव उगाच पुढच्या खोलीत पेपर वाचत बसत. वरच्या रिकाम्या फळीकडे शशीताईंचीही नजर जात होती.

एकोणतीस तारखेला दुपारी साडेबाराला घंटा वाजली. पद्माकररावांनी आधी सवयीने फोनमधलं कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी काहीही नव्हतं. पार्सलवाला असता तर एव्हाना पळाला असता. घंटा पुन्हा वाजली.

दारात दोन्या मिर्ना होत्या, सोबत मुलगी, जावई आणि दोन नातवंडं. हातात डबा, त्यातून वाफ येत होती. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे त्यांना कुठल्या कोर्सने शिकवलं कोण जाणे. काठीवर रेलून, डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, "आय लुगार?" जागा आहे का?

पद्माकररावांनी स्पॅनिशमध्ये उत्तर शोधलं, ते सापडेना. मग त्यांनी दार भिंतीला टेकवलं, अडण लावली आणि आत वळून, नगरच्या घरात त्यांची आई द्यायची तशी हाक दिली.

"शशी, पोळ्या वाढव गं!"

"किती?" आतून आवाज आला.

पद्माकररावांनी दारातली माणसं मोजली, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत एकदा पाहून घेतलं. आठ डबे अजून बाहेर होते.

"आत्ता दहा-बारा," ते म्हणाले, "पण कणीक जास्तीची भिजवून ठेव."